सीनेकाठची सरहद्द

सिंगापूर किंवा बँकॉकहून गावी येणाऱ्या नातेवाइकाला हल्ली एक विचारणा होते: येताना दोन मासे आणता येतील का? विचारणाऱ्या पोराच्या घरी काचेची टाकी असते, आणि सोलापूर-बार्शीच्या दुकानांत न मिळणारी एखादी जात त्याच्या डोक्यात बसलेली असते. घरातली मोठी माणसं यावर दोनच उत्तरं देतात. एक, सामानात घालून आणायचे, कोण बघतं! दोन, परवाना लागतो, ती भानगड नको. वरवर ही उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत. पण जे काही व्हायचं ते विमानतळावर होतं, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. तिथून सुटलं की मासा आपला, टाकी आपली, विषय संपला.

हा समज उथळ आहे. माझं म्हणणं असं की जिवंत माशाच्या बाबतीत खरी सरहद्द पाणलोटाची असते. ती विमानतळावर ओलांडली जात नाही. महिन्यांनी किंवा वर्षांनी तो मासा टाकीतून विहिरीत, शेततळ्यात, ओढ्यात जातो, तेव्हा ती ओलांडली जाते. म्हणून हौशी माणसाला परदेशी मासा आणण्याचा हक्क आहे का, याचं उत्तर केवळ परवान्यात शोधून सापडणार नाही. त्या माशाचा शेवट आपल्या हातून कसा होणार हे जो आणण्याआधी सांगू शकतो, त्यालाच तो हक्क आहे. हे मी सोनारीहून, परंडा तालुक्यातून लिहितो आहे. इथे समुद्र नाही, बारमाही नदी नाही, आंतरराष्ट्रीय विमानतळ तर दूरच. तरीही ही सरहद्द आमच्या शिवारातून जाते, आणि ती कशी जाते ते दाखवणं हेच या लेखाचं काम आहे.

पहिला मुद्दा : परवाना काय बघतो आणि काय बघत नाही

जिवंत जनावरं देशात आणण्यावरचं नियंत्रण आपल्याकडे १८९८ च्या पशुधन आयात कायद्यातून येतं. गुराढोरांचे, घोड्यांचे साथीचे रोग बंदरातच अडवावेत, हा त्याचा मूळ हेतू. आज शोभेचा मासा आणायचा तर केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं सॅनिटरी इम्पोर्ट परमिट लागतं. मासा मंजूर प्रजातींच्या यादीत असावा लागतो. ज्या देशातून तो निघाला तिथल्या अधिकाऱ्याचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आल्यावर ठरावीक काळ त्याला वेगळं ठेवावं लागतं. ही सगळी व्यवस्था खोक्यांनी माल आणणाऱ्या व्यापाऱ्यासाठी आहे. दोन मासे आणू पाहणाऱ्या हौशी माणसाला तिच्यात चालण्याजोगी वाट जवळजवळ नाही. त्यामुळे तो एक तर व्यापाऱ्याच्या खेपेतून आपले मासे मागवतो, किंवा कपड्यांच्या घडीत पिशवी लपवतो. दुसरा मार्ग बेकायदा आहे, आणि तो बेकायदा असणं योग्यच आहे.

पण कायदेशीर मार्गाने आलेल्या माशाचं पुढे काय होतं? रोग, जात आणि कागद तपासून खोकं सुटतं. तिथून ते घाऊक बाजारात फुटतं आणि खासगी बसच्या डिकीतून तालुक्याच्या गावी पोचतं. कोणी घेतला, किती दिवस जगला, मोठा झाल्यावर कुठे गेला, याचा मागोवा घेणारं कोणी नाही.

या नियमाला एक अपवाद आहे. आशियाई आरोवाना हा मासा त्याच्या मूळ प्रदेशात दुर्मीळ झाल्यामुळे वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याच्या व्यापाराला नोंदणीकृत पैदास केंद्रांपुरतीच मुभा आहे आणि तिथल्या प्रत्येक माशाच्या अंगात मायक्रोचिप असते. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून अशा करारातले प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि हस्तांतर, जन्म, मृत्यूही कळवावे लागतात. म्हणजे पाळलेल्या माशाचा मरेपर्यंत माग ठेवणं कायद्याला सुचतं आणि जमतंही. मात्र तो माग दुर्मीळ माशाचा ठेवला जातो. आपल्या नद्यांना ज्याचा धोका आहे असा स्वस्त, चिवट, भराभर वाढणारा मासा पहिल्या दुकानातच नजरेआड होतो. जो मासा त्याच्या घरी वाचवायचा आहे त्याची आपण काळजी घेतो, आणि ज्याच्यापासून आपलं घर वाचवायचं आहे त्याला मोकळं सोडतो.

दुसरा मुद्दा : पिशवीत मासा एकटा येत नाही

माशाची पाठवणी कशी होते हे समजून घेतलं की पुढचं कळायला सोपं जातं. निघण्याआधी एक-दोन दिवस माशाला उपाशी ठेवतात, म्हणजे पाणी कमी घाण होतं. पिशवीत साधारण एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरून ती थर्मोकोलच्या खोक्यात बसवतात. वाटेत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो, पाणी आंबट होतं, आणि त्या आंबटपणामुळे माशाने टाकलेला अमोनिया फारसा विषारी न राहता अमोनियमच्या रूपात पडून राहतो. पिशवी उघडताच वायू उडून जातो, पाण्याचा आंबटपणा उतरतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. लांबून आलेली पिशवी उघडून ‘पाण्याची सवय व्हावी’ म्हणून थेंबथेंब पाणी सोडत तासभर बसणारे अनेक जण आपले मासे याच कारणाने गमावतात. बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावं, मग लगेच मासा जाळीने उचलून स्वच्छ पाण्यात घालावा.

आणि पिशवीतलं पाणी? ते मोरीत जातं. मोरीतून नालीत, नालीतून ओढ्यात. त्या पाण्यात माशाच्या विष्ठेबरोबर परजीवी, जिवाणू, विषाणू असतात, आणि निरोगी दिसणारा मासाही त्यांचा वाहक असू शकतो. ऑस्ट्रेलियात २००३ साली व्हिक्टोरिया राज्यातल्या मत्स्यशेतीत मरे कॉड हा तिथला देशी मासा एका विषाणूने मेला. तपासणीत तो विषाणू आग्नेय आशियातून येणाऱ्या शोभेच्या गुरामी माशांमधल्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला. हातभर लांबीच्या नदीतल्या माशाला बोटभर लांबीच्या टाकीतल्या माशाचा रोग लागला होता. ज्या देशाचे आयातीचे नियम जगात सर्वांत कडक गणले जातात तिथली ही गोष्ट. आपल्याकडेही १९८८ मध्ये ईशान्य भारतातून शिरलेल्या व्रणरोगाने मरळीसारख्या देशी माशांची अंगं सडवली होती, आणि तो रोग सरहद्दीपलीकडून, बांगलादेशाच्या बाजूने आला होता.

यावरचा उपाय मात्र साधा आणि गावात मिळणारा आहे. ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यात जी टीसीएल पावडर टाकते, ती चमचाभर घालून पिशवीतलं पाणी तासभर ठेवावं आणि ओढ्यापासून दूर कोरड्या मातीत जिरवावं. एवढं काम परवान्याची अट म्हणून कोणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

तिसरा मुद्दा : सोनारीचं पाणी कुठे जातं

आमच्या भागात लोक सोनारी ओळखतात ती काळभैरवनाथामुळे, चैत्रातल्या यात्रेमुळे आणि देवळाभोवतीच्या माकडांमुळे. पाण्यासाठी हे गाव कुणी ओळखत नाही. पण धाराशिव जिल्ह्याच्या पाण्याचा नकाशा जरा बघा. बालाघाटाच्या डोंगररांगेने त्याचे दोन भाग केले आहेत. तेरणा आणि मांजरा पूर्वेकडे जाऊन गोदावरीला मिळतात. आमचा परंडा तालुका रांगेच्या दुसऱ्या अंगाला आहे. इथलं पाणी सीनेत उतरतं, सीना सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडल इथे भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. त्या कुडलच्या संगमावर शके ९४० मधला, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, म्हणून मराठी माणसाला ते ठिकाण भाषेच्या अंगाने माहीत असतं. माशाच्या अंगाने पाहिलं तर तो एका दाराचा उंबरठा आहे, कारण सीनेच्या खोऱ्यात सुटलेल्या माशाला तिथून संपूर्ण कृष्णा खोरं मोकळं होतं.

गोदावरी आणि कृष्णा ही दोन वेगळी जलकुटुंबं आहेत. त्यांच्यातला डोंगर माशाला ओलांडता येत नाही. त्यामुळे लाखो वर्षांत प्रत्येक खोऱ्याने आपापले मासे घडवले. विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवरचा आपला निबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने भीमेच्या खोऱ्यातले मासे गोळा केले होते आणि नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडचे शब्द उचलले. म्हणून आजही शास्त्राच्या लॅटिन नावांत आपली ‘शिंगटी’ आहे, ‘रोहटी’ आहे. जगाच्या पाठीवर कोणीही त्या माशाचं शास्त्रीय नाव उच्चारलं की नकळत मराठी बोलतो. इतकं जुनं आणि इतकं आपलं असं काही त्या पाण्यात आहे, हे परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळण्याचं कारण नाही. ते कळायला हवं होतं सीनेकाठी राहणाऱ्या आम्हाला.

आता एक अडचण. पाणलोटाची सरहद्द निसर्गाने आखली असली तरी आपण ती बोगद्यांनी फोडत आलो आहोत. कृष्णा-मराठवाडा योजनेचा गाभाच तो आहे. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी बोगद्याने सीना-कोळेगाव धरणात आणायचं आणि तिथून उपसून तुळजापूर-उमरग्याकडे न्यायचं. मराठवाड्याच्या वाट्याच्या २३.६६ टीएमसी पाण्यासाठी इथल्या लोकांनी किती वर्षं वाट पाहिली हे मला माहीत आहे. त्या पाण्याला माझा विरोध नाही, तो असूही शकत नाही. पण पाणी रिकामं येत नाही. उजनीत जे पोहतं त्याची अंडी, पिल्लं त्याच पाण्याबरोबर चालू लागतात. म्हणून पुण्याच्या एखाद्या सोसायटीतल्या टाकीतून मुळा-मुठेत सोडलेला मासा आणि परंड्याच्या शिवारातलं शेततळं यांच्यात आता केवळ पाण्याचं अंतर आहे, आणि पाण्याचं अंतर मासा कापतो.

चौथा मुद्दा : आधी आलेल्यांनी काय केलं

‘एखाद्या माशाने काय होतं’ याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. उत्तर उजनीच्या काठावर रोज सकाळी तोललं जातं. मोझांबिक तिलापिया, आपल्या बोलीतला चिलापी, १९५२ मध्ये भारतात आणला गेला. उद्देश चांगला होता, गरिबाला स्वस्त मासा मिळावा. या माशाची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची वीण सहसा वाया जात नाही. १९५९ मध्ये मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसाराला मनाई केली. सात वर्षांत चूक कळली, पण तोवर मासा मनाईच्या पलीकडे गेला होता. आज उजनीच्या भोयांच्या जाळ्यात काय भरतं ते भिगवणच्या मासळी बाजारात जाऊन पाहावं.

आफ्रिकी मांगूर हा दुसरा. हवा घेऊन जगणारा, काहीही खाणारा. केंद्राने २००० मध्ये त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, तरी उजनीच्या परिसरातली मांगुराची तळी उद्ध्वस्त करण्याची मोहीम प्रशासनाला नंतरही पुन्हा पुन्हा काढावी लागली. तिसरा रूपचंद. दक्षिण अमेरिकेतला हा मासा या शतकाच्या सुरुवातीला बांगलादेशाच्या सरहद्दीवरून विनापरवाना आत आला. मंजुरी नंतर मिळाली. आज तो आठवडी बाजारात मिळतो आणि ‘रूपचंद’ या गोड नावामुळे तो देशीच वाटतो.

हे तीन मासे खाण्यासाठी आणलेले. हौशी माणसाच्या टाकीतून निघालेला मासा म्हणजे सकर. दुकानात तो दोन इंचांचा असतो, ‘टाकी साफ करतो’ म्हणून विकला जातो आणि वाढून दीड फुटाचा होतो. अंगावर हाडांची ताठ तकटं असल्यामुळे त्याला खाणारं आपल्या पाण्यात फारसं कोणी नाही. तो पोटाने हवा शोषू शकतो, पाण्याबाहेर कित्येक तास जिवंत राहतो, काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. जाळ्यात आला की जाळं फाडतो, विकायला जावं तर गिऱ्हाईक नाही. मेक्सिकोत इन्फिएर्निओ नावाचं मोठं धरण आहे, एके काळी तिलापियाच्या मासेमारीसाठी नावाजलेलं. तिथे सकर शिरला आणि काही वर्षांत जाळ्यांत तोच भरू लागला, कोळ्यांची कमाई गेली. मुद्दाम लक्षात घ्यावं की तिथला तिलापियाही परका होता. म्हणजे एका परक्या माशाशी लोकांनी जेमतेम संसार जुळवला आणि दुसऱ्याने तो मोडला. उजनीच्या जाळ्यांत आता सकर येऊ लागला आहे.

ज्यांना माशांची उदाहरणं दूरची वाटतात त्यांनी जलपर्णी आठवावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती भारतात आली ती फुलं सुंदर म्हणून, तळ्याची शोभा म्हणून. हौशी लोकांनीच ती आणली.

पाचवा मुद्दा : सोडून देणं ही दया नाही

आता मी मूळ दुखण्याशी येतो. टाकीतला मासा नदीत पोचतो तो कुणाच्या दुष्टपणामुळे नाही. तो मोठा होतो, दुसऱ्या माशांना मारतो, मुलगा शिकायला पुण्याला जातो, वीज जाऊन जाऊन घरची माणसं वैतागतात. मारवत नाही, कारण जीव आहे. मग आई म्हणते, देवाच्या बारवेत सोडून ये, जगेल बिचारा. विहिरीत, तळ्यात सोडतात, वर हात जोडतात. आपल्या संस्कृतीत जिवाला मोकळं करणं हे पुण्य आहे. म्हणून ही कृती करणाऱ्याला तिच्यात चूक दिसतच नाही. माझ्या मते या विषयातली सर्वांत अवघड जागा हीच आहे, आणि कायद्याचा हात तिथे पोचत नाही.

ही दया कोणावर आहे ते तपासू. सोडलेला मासा बहुधा उपासमारीने, थंडीने, बगळ्याच्या चोचीत मरतो. म्हणजे त्याच्यावर दया झाली नाही. आणि जगला तर? तर त्या पाण्यात आधीपासून असलेल्या शिंगटीची अंडी, टिक्टो बार्बची पिल्लं, वाम, मरळ यांच्या वाट्याचं अन्न आणि जागा तो घेतो. त्यांच्यावर तर उघडच निर्दयता झाली. दया झाली ती फक्त सोडणाऱ्याच्या मनावर, कारण आपल्या हातून जीव गेला नाही याचं समाधान त्याला मिळालं. ते समाधान ओढ्याने आणि नदीने आपल्या जिवावर पुरवलं.

म्हणून मी स्पष्ट लिहितो. जो मासा परत घेणारा कोणी नाही आणि ठेवायला जागा नाही, तो आपल्या हाताने, वेदना न देता मारावा. लवंगतेल थोड्या कोमट पाण्यात खळखळून हलवावं, ते वेगळ्या भांड्यातल्या टाकीच्याच पाण्यात मिसळावं आणि मासा त्यात ठेवावा. तो आधी बेशुद्ध होतो, मग त्याच्या कल्ल्यांची हालचाल थांबते. ती थांबल्यावरही पुरेसा वेळ थांबावं आणि मग मासा मातीत पुरावा. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण ज्याला हे कधीही करवणार नाही, त्याने दीड फूट होणारा मासा दोन इंचांचा असताना घरी आणू नये. दूर देशाहून तर नाहीच नाही.

आक्षेप आणि उत्तरं

*‘सरकारच गप्पी मासे सोडतं, मग आम्हालाच बंधन का?’* आक्षेपात तथ्य आहे. गप्पी हा वेस्ट इंडीज आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याकडचा शोभेचा मासा. हिवताप-डेंग्यूच्या डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्या आरोग्य विभागाने तो गावोगावच्या डबक्यांत, हौदांत सोडला, आजही सोडतो. माझ्या मते पाण्याच्या बंद हौदापुरता तो ठीक आहे, वाहत्या ओढ्यात सोडणं चूक आहे. पण एका चुकीने दुसरीला परवानगी मिळत नाही. उलट गप्पीचा अनुभव हौशी माणसाला शहाणं करणारा आहे. गप्पीची एकच मादी नराचं बीज काही महिने पोटात साठवून ठेवते आणि साधारण महिन्याला एक वीण देते. ‘मी एकच सोडला’ या म्हणण्याला इथे काही अर्थ उरत नाही.

*‘आमच्या नद्या आठ महिने कोरड्या, परका मासा जगणार कुठे?’* पूर्वी हा युक्तिवाद चालला असता. आता सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही धरणं आहेत. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हापासून प्लास्टिक अंथरलेली तळी शिवारभर झाली आहेत. उन्हाळ्यात मासा तिथे तग धरतो आणि पावसाळ्यात ओसंडणाऱ्या पाण्याबरोबर निघतो. शिवाय डबकं आटत असताना बहुतेक देशी मासे आधी मरतात. हवा पिणारे मांगूर आणि सकर मागे उरतात. दुष्काळ त्यांचा शत्रू नाही, त्यांच्या वाटेतली स्पर्धा काढून टाकणारा तो मदतनीस आहे.

*‘सगळं आधीच मिसळलंय, आता वाचवण्यासारखं राहिलंय काय?’* मिसळणं ही एकदा घडून संपणारी घटना नसते. प्रत्येक नवी जात नवी भूक आणि नवा रोग घेऊन येते. काश्मीरच्या दल सरोवरात २०२३ मध्ये अ‍ॅलिगेटर गार हा उत्तर अमेरिकेतला शिकारी मासा सापडला. दल सरोवरात परके मासे आधी नव्हते असं नाही, तरी या एका माशाने तिथले अधिकारी धास्तावले ते उगीच नाही. घरात एक चोर शिरला म्हणून कोणी दार काढून ठेवत नाही.

*‘मग आयात बंदच करा.’* हे ऐकायला ठाम वाटतं, पण मला मान्य नाही. मांगुराची बंदी कागदावर २००० पासून आहे तरी मांगूर संपलेला नाही. बंदीने मासा थांबत नाही, त्याची नोंद थांबते, आणि आजारी मासा पशुवैद्याकडे न जाता ओढ्यात जातो. दुसरं, शोभेच्या माशांचा प्रत्येक व्यापार नाशाचाच असतो असं नाही. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रोकाठच्या बार्सेलोस गावाने कार्डिनल टेट्राच्या पकडीवर पिढ्यान् पिढ्या पोट भरलं, आणि मासा हवा म्हणून तिथल्या लोकांनी त्याचं पूरजंगल राखलं. तो व्यापार खचला तर त्या माणसांना जंगलतोड आणि सोन्याच्या खाणी हेच पर्याय उरतात. तिसरं कारण मला सर्वांत मोलाचं वाटतं. सोनारीसारख्या गावातलं जे पोर टाकीत अमोनियाचं चक्र समजून घेतं, त्याला सीनेचं पाणी समजण्याची शक्यता जास्त आहे. हौस मारून पाण्याचे पहारेकरी तयार होत नाहीत.

*‘मग देशी मासे पाळा, प्रश्न सुटला.’* पाळाच. टिक्टो बार्ब पाहिल्यावर कोणी परदेशी मासा मागू नये इतका तो देखणा आहे. पण ‘देशी’ शब्दानेही फसायला होतं. शासनाच्या बीज केंद्रांतून तळ्यात येणारे कटला, रोहू, मृगळ मुळात गंगेच्या खोऱ्यातले आहेत. तेरणेतून पकडलेला मासा सीनेकाठी सोडला तर तोही या पाण्यात परकाच. पाणलोट ही सरहद्द मानायची तर ती बँकॉकच्या माशाला लागू आणि तेरखेड्याच्या माशाला माफ, असं करता येणार नाही.

शेवटाचा रकाना

आपल्याच जिल्ह्यात उपळा गावी ३२ एकर जमीन माकडांच्या नावाने नोंदलेली आहे. एखाद्या मुक्या जिवाची जबाबदारी गावाने कागदावर घेण्याची कल्पना आम्हाला नवी नाही. मग माशाच्या परवान्यात तीन रकाने वाढवायला काय हरकत आहे? हा मासा पूर्ण वाढला की किती होतो, तो कोणत्या पाणलोटात राहणार आहे, आणि मालकाला नकोसा झाल्यावर तो कुठे जाणार. तिसरा रकाना दुकानदाराच्या सहीने भरायचा. परत घेण्याची हमी असेल तरच विक्री. सकर, गार आणि मांगुराच्या जातीतले मासे तर एक-एक नोंदले जावेत, आरोवाना नोंदतात तसे. आरोवान्याला लावलेला नियम धोक्याच्या माशांना लावायला नवा कायदा शोधून काढावा लागणार नाही. आणि ज्या हौशी माणसाला खरोखर बाहेरून मासा आणायचा आहे, त्याला चार-सहा जणांनी मिळून खेप मागवण्याची, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी सामायिक विलगीकरणाची कायदेशीर सोय द्यावी. वाट दिली तर लपवण्याचं कारण उरत नाही.

सरकारी रकाना कधी येईल ते माझ्या हातात नाही. मी माझ्या टाक्यांसाठी एक वही घातली आहे. नाव, मूळ खोरं, कुठून घेतला, तारीख, पूर्ण वाढ, शेवट. ‘शेवट’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘टाकीत मेला, पुरला’ असं आहे, तीन ठिकाणी ‘दुकानात परत’. वही घालण्याच्या आधी घेतलेला एक सकर अजून आहे. घेतला तेव्हा बोटाएवढा होता, आता फूटभर आहे. दोन दुकानांनी त्याला नाही म्हटलं आहे. त्याच्या रकान्यात मी पेन्सिलीने ‘लवंगतेल’ लिहिलं आहे, आणि पुढे ओढे वाहू लागण्याच्या आधीची, मृगापूर्वीची एक तारीख.